एक वस्तू, शंभर स्केचेस: ही असाइनमेंट कोणत्या क्रमाने करावी

डिझाइनच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात ही असाइनमेंट कधी ना कधी येतेच: एक वस्तू घ्या आणि आठवडाभरात तिची शंभर स्केचेस करून आणा. असे गठ्ठे तपासायला माझ्याकडे येतात आणि त्यातले बरेचसे एकाच पद्धतीने फसलेले असतात. पहिली सात-आठ शीट्स निगुतीने काढलेली, छायाप्रकाशासकट. मग तीच बाजू, तोच कोन, पन्नासेक वेळा. शेवटची तीस आदल्या रात्री उरकलेली. ते वेगळं सांगावं लागत नाही, रेघेलाच झोप आलेली दिसते.

यात हात कच्चा असतो असं फार क्वचित. चुकतो तो क्रम. मी विद्यार्थी असताना नेलकटर घेतलं होतं. पहिली साठ स्केचेस चकाचक. ज्युरीत, म्हणजे शिक्षकांसमोर काम मांडताना, सरांनी एकच विचारलं, "दांडी पिनेला कुठं अडकते?" दोन्ही पट्ट्यांतून आरपार जाणारी ती पिन साठ वेळा काढलेली, आणि मला सांगता येईना. त्या पिनेच्या वरच्या टोकाशी एक खाच असते, दांडी त्या खाचेत बसते. मी दरवेळी तिथं एक गोल काढून त्यावर चमक दाखवून मोकळा झालो होतो.

पुढे उदाहरणासाठी तेच नेलकटर घेतलंय. तुमची वस्तू वेगळी असली तरी टप्पे हेच.

## तयारी: पेनचं टोपण काढण्याआधी

असाइनमेंटचा कागद दोनदा वाचा. तीन गोष्टी त्यात स्पष्ट नसतील तर पहिल्याच दिवशी विचारून घ्या. एक स्केच कशाला म्हणायचं, एका शीटवर चार छोटी काढली तर ती चार की एक? आहे ती वस्तूच काढायची की तिच्यात बदलही सुचवायचे? आणि कच्ची शीट्स जमा करायची का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं, तरी मुलं कच्ची शीट्स फेकून देऊन बसतात.

वस्तू निवडताना चार अटी लावा: हातात मावावी, किमान तीन सुटे भाग असावेत, काहीतरी हलावं आणि उघडून पाहता यावी. स्टेपलर, टॉर्च, कात्री, पक्कड, नेलकटर, सगळं चालेल. नुसती बाटली किंवा कॉफीचा मग घेतलात तर चाळिसाव्या स्केचला विषय संपतो. उलट कॅमेरा किंवा मिक्सर घेतलात तर आठवडा बटणं काढण्यात जातो.

साहित्य जितकं साधं तितकं बरं. ८० जीएसएमचा, म्हणजे साध्या प्रिंटरच्या कागदाच्या जाडीचा, कोरा ए-४ कागद, सुटा. वहीत काढू नका, पान खराब होईल या धास्तीने हात आखडतो. एक चांगलं चालणारं बॉलपेन. हलकं टेकवलं की पुसट, दाबलं की ठळक, आणि पुसता येत नाही, हे तिन्ही गुण इथं हवेत. खोडरबर दप्तरातच राहू द्या. शेवटच्या दहासाठी थोडे ए-३ कागद, ट्रेसिंग पेपर, दोन जाडीचे फाइनलायनर (बारीक टोकाचे पेन) आणि करड्या रंगाचे दोन मार्कर. मोजायला पट्टी, असल्यास व्हर्निअर कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन).

वेळ आधी वाटून घ्या. मी सुचवतो ती वाटणी अशी:

- १ ते १०: बघणं आणि मोजणं, प्रत्येकी १० मिनिटं
- ११ ते ३५: सांगाडा, प्रत्येकी ६ मिनिटं
- ३६ ते ६०: हात, हालचाल, आतले भाग, प्रत्येकी ६ मिनिटं
- ६१ ते ९०: पर्याय, प्रत्येकी ४ मिनिटं
- ९१ ते १००: निवडक, मोठी, प्रत्येकी ३० मिनिटं

बेरीज ८२० मिनिटं, म्हणजे १३ तास ४० मिनिटं. सहा दिवसांवर पसरलं तर रोज साधारण सव्वादोन तास. सातवा दिवस मोकळा ठेवा, तो कशात ना कशात जातोच. गजर लावून काढा. वेळ संपली की स्केच अर्धं असलं तरी पुढचं घ्या.

> सावधान: फोटोवरून काढू नका. जवळून घेतलेल्या फोटोत पुढचा भाग फुगतो, मागचा आक्रसतो आणि कागदावर तोच दोष उतरतो. त्याहून वाईट म्हणजे फोटो उलटून मागची बाजू बघता येत नाही.

## टप्पा १: हात मोकळा करणं (रोज १५ मिनिटं, मोजणीत धरू नका)

टेबलावर सपाट ठेवलेल्या कागदाचा वरचा भाग डोळ्यांपासून लांब जातो आणि आखूड दिसतो. त्यामुळे काढताना बरोबर वाटलेलं चित्र उचलून समोर धरलं की लांबट निघतं. बोर्डाखाली दोन जाड पुस्तकं सरकवा, एवढ्याने निम्मं दुखणं जातं.

मग कागदावर दोन ठिपके द्या. पेन न टेकवता हात हवेतच दोन-तीनदा एका ठिपक्यावरून दुसऱ्यापर्यंत फिरवा आणि त्याच लयीत एकदा टेकवून रेघ ओढा. लांब रेघ खांद्यातून, मधली कोपरातून, मनगट फक्त बारीक तपशिलाला. रेघ चुकली तर चुकू द्या, तिच्यावरून पुन्हा गिरवत बसू नका. तुकड्यातुकड्यांनी ओढलेली केसाळ रेघ ही या असाइनमेंटमधली सगळ्यात जास्त दिसणारी खोड आहे आणि ती भीतीतून येते.

एक शीट सरळ रेघांची, एक लंबवर्तुळांची. लंबवर्तुळ एका दमात, दोन फेऱ्यांत काढा. टोकं गोलाईने वळली पाहिजेत, बदामासारखी अणकुचीदार नकोत. हाताला एखादी दिशा जमत नसेल तर कागद फिरवा, मान वाकडी करू नका.

## टप्पा २: बघणं आणि मोजणं (१ ते १०)

इथं घाई होते, आणि पुढच्या नव्वद स्केचेसची किंमत इथंच ठरते.

आधी पाच मिनिटं काहीही न काढता वस्तू हाताळा. उघडा, मिटा, डोळे बंद करून चाचपा. नेलकटर मिटलेलं असताना दांडी अंगालगत आडवी पडलेली असते. वापरायचं तर ती उचलून पुढच्या बाजूला उलटायची, पिनेभोवती अर्धा वळसा द्यायचा, मग ती मागच्या दिशेला तिरकी उभी राहते आणि तिचा उंचवटा वरच्या पट्टीला टेकतो. या वळशात पिन तशीच थांबते की दांडीबरोबर फिरते? हातात घेऊन बघा. फिरते. वर्षानुवर्षं वापरूनही आपण ते पाहिलेलं नसतं.

आता क्रमाने काढा:

1. समोरून, वरून, बाजूने असे तीन सपाट देखावे, एकाखाली एक, रेघा जुळवून.
2. महत्त्वाची मापं. सगळी नकोत. आधी लांबी-रुंदी-उंचीचं प्रमाण लिहा. माझं नेलकटर लांबीला रुंदीच्या साधारण पाचपट होतं आणि मी ते कायम तिप्पटच काढत असे.
3. प्रत्येक सुटा भाग एकेकटा: वरची पट्टी, खालची पट्टी, पिन, दांडी, मागचा रिव्हेट (पट्ट्या जोडणारी ठोकलेली खिळ).
4. दोन भाग जिथं भेटतात ती प्रत्येक जागा, चारपट मोठी करून.

चौथा मुद्दा गाळू नका. वस्तूची अक्कल सांध्यात असते. दोन पट्ट्या मागे रिव्हेटने जखडलेल्या, पुढे स्वतःच्या ताणाने फाकलेल्या, वेगळी स्प्रिंग नाहीच, पट्टीच स्प्रिंगचं काम करते. हे कळायला एक मोठं करून काढलेलं स्केच पुरतं. पट्टी जाड काढून चालणार नाही हेही त्यातच कळतं, कारण जाड पट्टी बोटांनी दबणार नाही.

> तपासा: वस्तू खणात ठेवा आणि आठवणीतून तिचा उभा छेद काढा, म्हणजे ती मधून उभी कापली तर आत जे दिसेल ते. जिथं पेन अडलं ती जागा तुम्ही पाहिलेली नाही. खण उघडा, फक्त तेवढी जागा बघा, पुन्हा काढा.

## टप्पा ३: सांगाडा (११ ते ३५)

आता पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसतं तसं काढणं. बहुतेकांचं घोडं इथं पेंड खातं, म्हणून सावकाश घ्या.

आधी खोकं. वस्तू ज्यात नेमकी बसेल असं पारदर्शक खोकं पुसट रेघांनी काढा. मागच्या, न दिसणाऱ्या कडाही काढा, वस्तू काचेची आहे असं समजून. मागची कड काढलीच नाही तर मागचा रिव्हेट हवेत लटकतो. मध्य काढायचा तर पट्टीने निम्मं मोजू नका. त्या पृष्ठभागाचे दोन कर्ण जिथं छेदतात तो मध्य. जवळचा अर्धा भाग लांबच्या अर्ध्याहून मोठा दिसला पाहिजे.

छोटी वस्तू इमारतीसारखी काढू नका. शाळेत पर्स्पेक्टिव्ह शिकवताना दोन व्हॅनिशिंग पॉइंट (लांब जाणाऱ्या समांतर कडा जिथं मिळाल्यासारख्या दिसतात ते बिंदू) कागदाच्या दोन कडांना देतात, आणि तीच सवय इथं नडते. हातभर अंतरावरच्या सहा सेंटिमीटरच्या वस्तूच्या कडा जवळजवळ समांतरच दिसतात. त्या किंचित, जेमतेम एकमेकींकडे झुकल्या पाहिजेत. व्हॅनिशिंग पॉइंट कागदाच्या कितीतरी बाहेर आहेत असं धरून चाला. कडा जोरात झुकल्या की नेलकटरचा पूल होतो, वर गाड्या धावतील असा.

लंबवर्तुळाचा अक्ष. भोक, रिव्हेट, कडी, पिन, म्हणजे जे जे गोल ते तिरकं पाहिल्यावर लंबवर्तुळ होतं. नियम एकच लक्षात ठेवा: लंबवर्तुळाचा आखूड अक्ष त्या गोलातून आरपार जाणाऱ्या दांड्याच्या दिशेने असतो. उभ्या पिनेचं भोक असेल तर आखूड अक्ष उभा. पण दांडी तिरकी उभी असेल आणि तिच्या टोकाला भोक असेल, तर त्या भोकाचा अक्ष दांडीच्या पृष्ठभागाला काटकोनात जाणार, म्हणजे तोही तिरका. शीटवरची सगळी लंबवर्तुळं आडवी दिसली तर समजा की हात सवयीने चाललाय, डोळा थांबलाय. काढायच्या आधी अक्षाची पुसट रेघ द्या, मग त्यावर लंबवर्तुळ बसवा. उलट करू नका.

आणखी एक: डोळ्याच्या पातळीवरचं वर्तुळ नुसती रेघ दिसतं, पातळीपासून जितकं खाली जाईल तितकं उघडत जातं. उभ्या टॉर्चचं खालचं वर्तुळ वरच्याहून अरुंद काढलंत तर टॉर्च मोडल्यासारखी दिसते.

पृष्ठभागाच्या आडव्या रेघा. दांडी सपाट नसते, तिला हलका बाक असतो. तो छटांनी दाखवायच्या आधी दांडीवरून आडव्या चार-पाच बारीक रेघा ओढा, मुंगी त्यावरून चालली तर तिची वाट कशी जाईल तशा. रेघ वाकली की पृष्ठभाग वाकला. शेडिंग अजून नको.

२५ स्केचेससाठी २५ कोन ठरवा. वस्तू टेबलावर ठेवून दर वेळी थोडी फिरवा, मग आडवी टाका, उभी करा, उघडी ठेवा, टाचेकडून (मागच्या टोकाकडून) बघा, जबड्याकडून (कापणाऱ्या टोकाकडून) बघा. अवघड कोन आधी. टोकाकडून पाहिलेली लांब वस्तू सगळेच टाळतात, म्हणून ती किमान पाचदा काढा.

> तपासा: शीट उलटी करून उजेडासमोर धरा. मागच्या बाजूने चित्र आरशातल्यासारखं दिसतं आणि कललेल्या उभ्या रेघा, घसरलेली लंबवर्तुळं लगेच डोळ्यांत भरतात. चुकांवर लाल पेनने त्याच शीटवर खुणा करून ठेवा. नवीन शीटवर निस्तरू नका, ही शीट तशीच जमा करायची आहे.

## टप्पा ४: हात, हालचाल आणि आतलं (३६ ते ६०)

वस्तू एकटी काढली की ती कितीही मोठी असू शकते. शेजारी हात आला की माप कळतं. हात काढायची भीती वाटते कारण आपण बोटांपासून सुरुवात करतो. तळवा एक चपटं खोकं, चार बोटं मिळून एक जाड पट्टी, अंगठा वेगळा. थंडीचे, चारही बोटं एकाच खोळीत जाणारे हातमोजे असतात तसा. मग वस्तू कुठं टेकतेय ते ठरवा, बोटं सर्वांत शेवटी सुटी करा. मॉडेल शोधत बसू नका, ज्या हाताने लिहीत नाही त्या हातात वस्तू धरा आणि दुसऱ्याने काढा. नखं आणि सुरकुत्या नकोत, नेलकटरच्या असाइनमेंटमध्येसुद्धा फक्त एकाच बोटाचं नख पुरे.

हालचालीसाठी एका शीटवर चार चौकटी. चारही चौकटींत कोन तोच ठेवा, फक्त हलणारा भाग बदला. कोन बदलला तर काय हललं ते वाचणाऱ्याला कळत नाही. बाण भागाच्या मार्गाने वळवा. हवेत कुठंतरी सरळ बाण काढून खाली 'फिरवा' असं लिहिणं म्हणजे स्केचने हात टेकले.

सुटे भाग उलगडून दाखवायचे तर आधी अक्षाची एक लांब रेघ काढा आणि सगळे भाग जोडणीच्या क्रमाने तिच्यावर ओवा. नेलकटरमध्ये ती पिनेची रेघ: खालून पिन, मग खालची पट्टी, वरची पट्टी, सर्वांत वर दांडी. प्रत्येक भाग त्याच पर्स्पेक्टिव्हमध्ये, नुसता सरकवलेला. एक भाग इकडे वळलेला, दुसरा तिकडे, असं झालं की ते भंगाराचं दुकान वाटतं.

> तपासा: चार चौकटींचं शीट आणि मिटलेली वस्तू अशा कुणाच्या तरी हातात द्या ज्याने ती वस्तू कमी वापरली आहे. तुम्ही तोंड उघडायचं नाही. तो जिथं अडखळेल तिथं पाचवी चौकट लागते.

## टप्पा ५: पर्याय (६१ ते ९०)

साठाव्या स्केचपर्यंत वस्तू काय आहे ते शोधत होतो. आता ती काय होऊ शकते ते. नेमक्या याच ठिकाणी माशाच्या आकाराचं नेलकटर, पानाच्या आकाराचं नेलकटर, गाडीच्या आकाराचं नेलकटर सुरू होतं. हे पर्याय नाहीत. वस्तू तीच राहिली, तिला फक्त झबलं चढवलं.

आकारापासून सुरुवात करूच नका. सहा प्रश्न लिहा आणि प्रत्येकाला पाच स्केचेस द्या, तीस झाली. माझ्या यादीतले काही:

- कापलेलं नख उडून कुठं जातं?
- उजव्या हाताची नखं डाव्या हाताने कापताना काय सुटतं?
- बोटं आखडलेल्या माणसाला दांडी दाबता येईल का?
- वाकायला त्रास होतो त्याने पायाची नखं कशी कापायची?

प्रत्येक प्रश्नाची पहिली दोन उत्तरं सगळ्या वर्गाला सुचतात. तिसऱ्याला हात थांबतो. थांबला की पेन खाली ठेवू नका. एक भाग दुसऱ्या टोकाला नेऊन बघा, दाबण्याऐवजी ओढून बघा, वस्तू स्थिर ठेवून बोट हलवून बघा, दोन भागांचा एक करून बघा. यातून निघालेलं चौथं स्केच बऱ्याचदा बावळट असतं, पाचवं त्याच्या खांद्यावर उभं राहतं. संख्या एवढी मोठी का ठेवतात, तर सहज सुचणारं सगळं संपून जावं म्हणून.

ए-४ वर चार, प्रत्येकाशेजारी तीन-चार शब्द: 'नख आत साठतं', 'अंगठा घसरेल?' इतकंच. काढताना फुली मारू नका, निवड शेवटी करायची. आणि एका स्केचमध्ये एकच गोष्ट बदला. पाच बदलल्या तर कशामुळे बरं झालं ते कळणार नाही.

दुसरा टप्पा नीट केला असेल तर इथं त्याचं व्याज मिळतं. पट्टी वाकली पाहिजे हे माहीत असलेला विद्यार्थी तिच्यावर जाड प्लास्टिकचं कवच चढवताना आपोआप थबकतो.

## टप्पा ६: शेवटची दहा (९१ ते १००)

तीसमधून तीन निवडा. सुंदर दिसतात ती नव्हे, ज्यांच्यापाशी 'हे खरंच चालेल का' असं वाटलं ती. प्रत्येकाची तीन मोठी स्केचेस: एक वापरात, एक सांध्याचं, एक पूर्ण. दहावं तिघांना शेजारी ठेवून.

जुनं छोटं स्केच मोठं करून ट्रेसिंग पेपरखाली ठेवा, प्रमाण दुरुस्त करा, मग ए-३ वर घ्या. रेघा तीन जाडीच्या: बाहेरची कड सर्वांत ठळक, भागांमधली मध्यम, पृष्ठभागावरच्या बारीक. प्रकाश एकाच बाजूने, छटा तीनच: उजेडाची, मधली, अंधाराची. उजेडाची म्हणजे कोरा कागद. जमिनीवरची सावली वस्तू जमिनीला जिथं टेकते तिथून निघते. सावली सुटी पडली की वस्तू तरंगते.

> सावधान: अल्कोहोलचा मार्कर बॉलपेनची शाई विरघळवतो आणि मार्करचं टोकही मळतं. मार्कर आधी, पेन नंतर. खाली जाड कागद ठेवा, नाहीतर ९३ व्या स्केचचे डाग ९४ व्यावर उमटतात.

## टप्पा ७: जमा करण्यापूर्वी

शीट्स काढलेल्या क्रमाने लावा. चांगली वर, वाईट खाली असा पत्त्यांचा डाव लावू नका. तपासणाऱ्याला अकराव्या आणि चौतिसाव्या स्केचमधला फरक बघायचा असतो आणि तुम्ही नेमका तोच लपवून ठेवता.

स्कॅनर नसेल तर फोटो दिवसाउजेडी, खिडकीशी, कागदाला अगदी समांतर धरून काढा. दिव्याखाली काढलात तर तुमच्याच हाताची सावली शीटवर पडते.

ज्युरीसाठी पाठांतर नको. तीन शीट्सना कागदाच्या पट्ट्या चिकटवून ठेवा: जिथं काहीतरी पहिल्यांदा दिसलं ते, जिथं सगळ्यात मोठी चूक झाली ते आणि जिथून निवडलेली कल्पना निघाली ते. विचारलं की थेट तेच उघडा.

आणि प्रत्येक शीटच्या मागे, खालच्या उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने क्रमांक टाका. ज्युरीच्या टेबलावरून गठ्ठा खाली पडतोच.